नांदण्याचा हुकूम

मराठीत 'नांदणं' हा शब्द किती मोकळा आहे. घर नांदतं, गाव नांदतं, सुख नांदतं. नव्या जोडप्याला आपण 'सुखाने नांदा' म्हणतो तेव्हा त्यात हुकूम नसतो, इच्छा असते. पण तालुक्याच्या कोर्टाबाहेर, वडाखाली टायपिंगची मशिनं मांडून बसलेल्यांच्या रांगेत हाच शब्द ऐका: "नांदायला येण्याचा दावा टाकलाय." तिथे नांदणं ही मागायची, मिळवायची आणि हुकुमाने वसूल करायची गोष्ट होते. आणि बोलण्यात 'नांदायला जाते' ती बाईच. पुरुष 'नांदवतो', नाहीतर 'नांदवत नाही'. व्याकरणानेच कर्ता कोण आणि कर्म कोण ते ठरवून टाकलेलं असतं.

कायद्याच्या पुस्तकात या दाव्याचं नाव 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना'. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. वकिलांच्या तोंडी नुसतं 'कलम नऊ'. नीती, स्वातंत्र्य आणि न्याय या गोष्टी निरनिराळ्या समाजांत कशा घडतात, कशा बिघडतात, याचा अभ्यास करू पाहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सुरुवात जाडजूड तत्त्वज्ञानाने करू नका. ॲरिस्टॉटलपासून आजवरचे दहा विचारवंत सहा महिन्यांत उरकले की हातात व्याख्या राहतात आणि प्रत्यक्ष माणूस समोर आला की त्या व्याख्या गळून पडतात. एक खटला घ्या आणि तो मुळापर्यंत खणा. मराठी वाचकासाठी त्याहून चांगला खटला मला माहीत नाही: दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, मुंबई उच्च न्यायालय, १८८४ ते १८८८.

हकिगत थोडक्यात अशी. रखमाबाईंचा जन्म १८६४चा, मुंबईचा, सुतार समाजातला. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं ते डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र जाणणारा हा माणूस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं, दादाजी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर. लग्नानंतर त्या आई आणि सावत्र वडिलांच्याच घरी राहिल्या, वाचत-शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी वकिलाची नोटीस धाडली आणि मग दावा लावला: माझी बायको माझ्या घरी पाठवा. रखमाबाईंनी नकार दिला. ज्या वयात संमती म्हणजे काय हेही कळत नव्हतं त्या वयात लागलेलं लग्न आपल्याला बांधील नाही, ही त्यांची भूमिका.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्याच्या दोनच दिवस आधी, १९ सप्टेंबरला, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने विधवांवरच्या सक्तीबद्दल पत्र छापून आलं होतं. त्याआधीचं, बालविवाहावरचं पत्र २६ जूनचं. दोन्ही रखमाबाईंची. एप्रिल १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्या खंडपीठाने पिन्हींचा निकाल फिरवला आणि दावा पुन्हा चालवायला खाली पाठवला. ४ मार्च १८८७ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. आपण कैद पत्करू पण जाणार नाही, असं रखमाबाईंनी कळवलं. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना खर्चापोटी दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढे सुरत व राजकोटच्या इस्पितळांत त्यांनी आयुष्य घालवलं. १९५५ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला, कलम ९ सकट.

इथवर गोष्ट सरळ वाटते: एका बाजूला जुनाट परंपरा, दुसऱ्या बाजूला शिकलेली मुलगी आणि इंग्रजी न्याय. बहुतेक वाचक इथेच थांबतात. खरा अभ्यास इथून पुढे सुरू होतो, कारण ही मांडणीच चुकीची आहे.

पिन्हींनी दावा का फेटाळला ते त्यांच्याच निकालपत्रात वाचायला हवं. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत, नवव्या खंडात, पान ५२९ वर ते आहे, आणि दहाव्या खंडात पान ३०१ वर अपील. (शोधताना नावाची स्पेलिंग बदलून बघा. रखमाबाई, रुखमाबाई, रुक्माबाई अशी तीन रूपं सापडतात, आणि एकच टाकलं तर निम्मं हाती लागत नाही.) पिन्ही म्हणतात की या तऱ्हेचा दावा मुळात इंग्लंडमधला. तिथल्या विशिष्ट परिस्थितीत तो जन्मला आणि तिथून इथे आणून लावला गेला. हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. शिवाय हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, तेव्हा 'पुनः'स्थापना कशाची करायची? नको असलेल्या माणसाकडे एका तरुण बाईला बळाने पाठवणं हे क्रौर्य आहे, असंही त्यांनी स्वच्छ लिहिलं.

म्हणजे बघा. 'धर्म बुडाला' म्हणून ज्या हक्कासाठी मुंबई-पुण्याची वृत्तपत्रं पेटली, तो हक्क आला होता इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून. तिथे नवरा किंवा बायको घर सोडून गेली की धर्मपीठ परत जाण्याचा हुकूम देई. ऐकलं नाही तर धर्मबहिष्कार, आपल्याकडच्या वाळीत टाकण्याचा सख्खा भाऊ. १८१३च्या कायद्याने बहिष्काराच्या जागी कैद आली. विवाहाचे खटले १८५७च्या कायद्याने चर्चकडून सरकारी न्यायालयाकडे गेले, पण हा दावा राहिलाच. आणि मग खटल्याला धार आणणारा तपशील: १८८४ मध्ये, म्हणजे दादाजींनी नोटीस पाठवली त्याच वर्षी, इंग्लंडच्या पार्लमेंटने ही कैद रद्द केली. तिथे हुकूम न मानणं हे फार तर सोडून गेल्याचा पुरावा धरलं जाऊ लागलं. इथे मात्र १८८२च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २६० कायम होतं: कैद, नाहीतर मालमत्तेची जप्ती, नाहीतर दोन्ही. लंडनमधल्या बाईला ज्या गुन्ह्यासाठी तुरुंगात घालता येत नव्हतं, त्यासाठी गिरगावातल्या बाईला घालता येत होतं, आणि तेही हिंदू परंपरेच्या नावाने.

संस्कृती-संस्कृतींमधल्या न्यायाच्या अभ्यासात मला जी एकच गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही: कोणताही हक्क 'आपला' की 'परका' हे ठरवण्याआधी त्याचा जन्मदाखला मागा. कुठे जन्मला, कुणी आणला, कुठल्या कलमाने इथे रुजला आणि आणणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी आता तो आहे का? हे चार प्रश्न विचारले की निम्मी भांडणं जागच्या जागी विरतात, आणि उरलेली निम्मी खरी असतात.

हा खटला अभ्यासमंडळात वाचायचा असेल तर आठ-दहा जण पुरे. बारावर गेलं की तिघे बोलतात आणि बाकीचे माना डोलवतात. दोन-दोन तासांच्या सहा बैठका लागतात. कमी केल्या तर अपिलाचा निकाल वगळला जातो, आणि खरी अडचण तर तिथेच आहे. वाचनाचा क्रमही सांभाळावा. पहिल्या बैठकीत फक्त रखमाबाईंची दोन पत्रं. दुसरीत पिन्ही. तिसरीत अपील. चौथीत दादाजींनी १८८७ मध्ये छापलेली स्वतःची कैफियत आणि तिला रखमाबाईंनी वृत्तपत्रातून दिलेलं उत्तर, दोन्ही लगोलग. पाचवीत वृत्तपत्रं आणि पंडिता रमाबाई. सहावीत आजचा कायदा. दादाजींची कैफियत अगदी शेवटी ठेवली किंवा गाळली तर मंडळ न्यायाधीश न होता प्रेक्षक होतं. आपल्याला न आवडणाऱ्या पक्षकाराचं म्हणणं त्याच्या शब्दांत, पूर्ण, मध्ये न थांबता ऐकणं, हा नीतीच्या अभ्यासाचा पहिला आणि सगळ्यांत कंटाळवाणा धडा आहे. तो चुकवू नये.

भिंतीवर मोठा कागद लावून पाच रकाने आखावेत: कोण बोलतंय, कुणाच्या वतीने, कशाच्या आधारावर, काय मागतंय, आणि कोण गप्प आहे. पेनाने लिहू नका, पेन्सिलने लिहा, कारण तिसऱ्या बैठकीनंतर दुसऱ्या रकान्यातलं जवळजवळ सगळं खोडावं लागतं. आणि पहिल्या दोन बैठकांत चार शब्दांना बंदी घालावी: 'आपली संस्कृती', 'पाश्चात्त्य', 'पुरोगामी', 'सनातनी'. सुरुवातीला माणसं अडखळतात, वाक्य अर्ध्यावर सोडतात. सोडू द्यावं. या शब्दांवाचून वाक्य पुरं करता येत नाही म्हणजे विचार अजून झालेला नाही, एवढंच.

पाचव्या रकान्यात नवशिक्यांना काही सुचत नाही. तिथे रखमाबाईंच्या आईला आधी बसवावं. जयंतीबाई विधवा होत्या आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं. त्यांच्या समाजात ते चालत होतं. उच्चवर्णीय घरांत विधवेचं केशवपन होत होतं, त्याच काळात आणि त्याच शहरात. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत पाट लावणं, म्हणजे बाईचं पुनर्लग्न, होतं, काडीमोड होती, फारकत होती. गवताची काडी मोडून पंचांसमोर नातं संपवायचं आणि दुसरा संसार मांडायचा. आर्थर स्टील या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८२७च्या सुमारास दख्खनमधल्या जातींच्या रूढी लिहून काढल्या, त्यांत हे सगळं आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने तर जिल्ह्यांतल्या दिवाणी न्यायालयांना सांगितलं होतं की सरकारी कायदा नसेल तिथे आधी देशरूढी पाहा.

मग 'हिंदू कायदा' म्हणजे काय? जयंतीबाईंचा पाट की शास्त्रीबोवांची पोथी? कोर्टाने सोयीने पोथी धरली. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करसन गोजा आणि बाई रूपा यांच्या प्रकरणांत, नवऱ्याच्या संमतीवाचून बाईने दुसरं लग्न करण्याची जातीची रूढी अनीतीची म्हणून अमान्य केली होती. गुजरातेतल्या त्या बाईच्या जातीत जे नीतीत बसत होतं ते इंग्रज न्यायाधीशांच्या नीतीत बसलं नाही. ब्राह्मणी शास्त्र आणि इंग्रजी सभ्यता यांचं या एका बाबतीत छान जुळलं, आणि त्या जुळण्यात खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांना होती ती वाट बुजली. जातिव्यवस्थेचा अभ्यास वगळून या देशातल्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचा अभ्यास होत नाही तो यामुळे.

अपिलाचा निकाल वाचताना मंडळं वैतागतात, पण तो नीट समजून घेण्याजोगा आहे. सार्जंट आणि बेली हे दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं असं: हिंदू विवाह विधीनेच पूर्ण होतो, सहवास झाला नाही म्हणून तो अपुरा राहत नाही. आणि असे दावे इथली न्यायालयं बरीच वर्षं चालवत आली आहेत, ती वहिवाट एका न्यायाधीशाला न पटल्याने मोडता येत नाही. हे दुसरं कारण ऐकायला रुक्ष असलं तरी त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. १८५६ मध्ये एका पारशी जोडप्याच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इथली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायपीठाने, म्हटलं की ख्रिस्ती धर्मपीठाच्या अधिकाराखाली पारशांचा असा दावा चालणार नाही, पण दिवाणी बाजूला वाट असू शकते. १८६५च्या पारशी विवाह कायद्यात तो दावा लेखी आलाच. १८६७ मध्ये मुनशी बुझलूर रहीम यांच्या खटल्यात तो मुसलमान पक्षकारांनाही खुला झाला. म्हणजे चर्चच्या कोर्टातलं रोपटं तीस वर्षांत पारशी, मुसलमान आणि हिंदू या तिघांच्या अंगणात लागलं, आणि प्रत्येकाला ते आपल्या अंगणातलंच वाटू लागलं.

इथे मुसलमान कायद्याची तुलना जरूर करावी, कारण ती गोष्ट गुंतागुंतीची करते. त्याच १८८६ साली अलाहाबादला न्यायमूर्ती सय्यद महमूद यांच्यासमोर अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा हा खटला होता. पत्नीचा बचाव असा की तत्काळ द्यायची मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम, मिळालेली नाही, मग मी का जाऊ? महमूद यांनी अरबी ग्रंथ उलगडून दाखवले आणि ठरवलं की सहवास झाल्यानंतर या कारणाने दावा पुरता फेटाळता येणार नाही, पण हुकमाला मेहर चुकती करण्याची अट घालता येईल. करार म्हणून पाहिलेल्या विवाहात बाईच्या हातात निदान एक अट होती. संस्कार म्हणून पाहिलेल्या विवाहात रखमाबाईंच्या हातात तीही नव्हती. यावरून कुणाचा धर्म श्रेष्ठ हे ठरवायला बसू नये. विवाहाला आपण कोणतं नाव देतो त्यावर नकाराची जागा किती उरते हे ठरतं, तेवढं नोंदवावं.

चौथ्या बैठकीनंतर लेखनाचा एक सराव आहे. प्रत्येकाने न्यायमूर्ती फॅरन व्हायचं आणि एका पानात हुकूम लिहायचा. अट एकच: वरच्या खंडपीठाचा निर्णय बंधनकारक आहे. पहिल्या खेपेला निम्मी माणसं भाषण लिहून आणतात. ते परत करावं. हुकमात तारीख हवी, मुदत हवी, न पाळल्यास काय ते हवं, खर्च कुणावर ते हवं. हे लिहायला बसलं की कळतं, अन्याय बहुतेक वेळा रागाने होत नाही. तो नीट हस्ताक्षरात, योग्य कलमाखाली, मुदत घालून होतो. काही जण खर्चाच्या ओळीत दादाजींना झुकतं माप देत नाहीत, काही मुदत लांबवतात, कुणी जप्ती निवडतो आणि कैद टाळतो. कायद्याच्या चौकटीत माणसाला नेमकी किती हालचाल करता येते, हे त्या ओळींवर बोट ठेवून बोलता येतं.

पाचव्या बैठकीत टिळक येतात आणि आवाज चढतो. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दादाजींची बाजू घेतली, पिन्हींवर टीका केली. टिळकांचा युक्तिवाद नुसता 'बाईने घरात राहावं' एवढा नव्हता. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने हात घालू नये, सुधारणा आमची आम्ही करू, हा त्यातला खरा कणा. पारतंत्र्यात त्या म्हणण्याला वजन होतं, ते मान्य करायला हवं. पण त्यांनी राखायला घेतलेली भिंत परक्यांनीच बांधलेली होती, आणि भिंतीच्या आत कोंडलेल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. आगरकर याच वादांतून १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा प्रश्न पुस्तकी नव्हता, त्याने मित्रांची मनं दुभंगली.

सगळ्यांत धारदार वाक्य मात्र पंडिता रमाबाईंचं आहे. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात या खटल्यावर त्या लिहितात त्याचा आशय असा: असहाय बाईचं रक्षण केलं नाही म्हणून इंग्रज सरकारला दोष काय द्यायचा, हिंदुस्थानातल्या पुरुषवर्गाशी केलेला करारच ते पाळत आहे. एका वाक्यात साम्राज्य आणि पितृसत्ता यांचा व्यवहार उघडा पडतो. 'धर्मात ढवळाढवळ करणार नाही' या वचनात धर्म म्हणजे कुणाचा शब्द, हे दोन्ही पक्षांना न बोलता ठाऊक होतं. दुसऱ्या रकान्यातलं जे खोडायचं ते इथे खोडलं जातं. 'हिंदूंच्या वतीने' असं लिहिलेलं पुसून 'हिंदू पुरुषांपैकी वृत्तपत्रं काढणाऱ्यांच्या वतीने' असं लिहावं लागतं.

इथे एक उलटी चूक होते आणि ती पहिलीपेक्षा जास्त घातक आहे. जन्मदाखला सापडल्याच्या आनंदात मंडळ म्हणू लागतं: पाहा, सगळी परंपरा इंग्रजांनीच बनवली! नाही. अकराव्या वर्षी मुलीचं लग्न लावणं इंग्रजांनी शिकवलं नव्हतं. कलकत्त्याची फुलमणी दासी १८८९ मध्ये नवऱ्याच्या बळजबरीने मेली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. त्या वेळच्या दंडसंहितेत संमतीचं वय दहा होतं, म्हणून बलात्काराचा आरोप टिकला नाही आणि नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १८९१ मध्ये संमतीचं वय दहाचं बारा झालं, त्यालाही टिळकांनी विरोध केला. बालवधूचं दुःख घरचं होतं, तिला परत ओढून नेणारा दोर विलायती होता. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. यांतलं एक सोडलं की अभ्यास प्रचार होतो.

आणि रखमाबाईंची मूर्ती करू नये. 'भारतातला पहिला घटस्फोट' असं त्यांच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. न्यायालयाने हा विवाह मोडला नाही. तडजोड झाली आणि हुकूम बजावला गेला नाही, एवढंच. राणी व्हिक्टोरियाने लग्न रद्द केलं ही कथाही तशीच ऐकीव. खरं आहे ते याहून जास्त बोलकं आहे: कायद्याने त्यांना मोकळं केलंच नाही. दोन हजार रुपये उभे करू शकणारे लोक पाठीशी होते म्हणून त्या वाचल्या. ज्या बाईमागे दोन हजार रुपये नव्हते तिचं नाव कोणत्याही खंडात, कोणत्याही पानावर नाही. पाचव्या रकान्यात तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवावी.

सहाव्या बैठकीला आजचं कलम नऊ. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये मुळातूनच काढून टाकला. ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेने १९७९ मध्ये, आयर्लंडने १९८८ मध्ये. आपण १९५५ मध्ये, स्वतंत्र संसदेत, स्वतःच्या हाताने तो कायद्यात लिहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी टी. सरिता यांच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. स्वतःच्या शरीरावरचा आणि मूल होऊ देण्यावरचा बाईचा निर्णय सरकारच्या हातात जातो, असं त्यांचं कारण. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने उलट निकाल दिला आणि म्हटलं की घरात राज्यघटना आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं. १९८४ मध्ये सरोज राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, संसार मोडू नये म्हणून त्याचा उपयोग आहे असं सांगून.

सरोज राणी खटल्याची घडण बारकाईने पाहा. दावा लावला होता बायकोने. नवऱ्याने संमती दिली, हुकूम झाला. पुढे वर्षभर एकत्र राहणं झालं नाही असं दाखवून नवऱ्यानेच कलम १३ (१-अ) खाली घटस्फोट मागितला, आणि तो त्याला मिळाला. संसार जोडण्यासाठी म्हणून ठेवलेलं कलम संसार संपवण्याची शिडी झालं. आजही कलम नऊचा उपयोग पुष्कळदा असाच होतो. बायकोने पोटगी मागितली की उत्तरादाखल नवऱ्याचा नांदायला येण्याचा दावा येतो. मग ती आली नाही की 'मी तर बोलावलं होतं' म्हणायची सोय. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीना कुमारी यांच्या प्रकरणात सांगितलं की असा हुकूम न पाळल्याने बायकोचा पोटगीचा हक्क आपोआप बुडत नाही, ती का गेली नाही हे पाहावं लागेल. 'का गेली नाही' हा प्रश्न १८८५ मध्ये पिन्हींनी विचारला होता.

ज्या तरतुदीखाली फॅरन यांनी रखमाबाईंना सहा महिन्यांची भीती घातली, ती कैद दिवाणी संहितेतून १९२३ मध्ये काढली गेली, छोट्याशा दुरुस्तीने. जप्ती राहिली. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २१, नियम ३२: वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हुकूम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती आणता येते. मंडळाच्या शेवटच्या बैठकीत तो नियम मोठ्याने वाचावा आणि कागदावरच्या तिसऱ्या रकान्यात, 'कशाच्या आधारावर' या मथळ्याखाली, आजची तारीख घालून लिहून ठेवावा.